ताडपत्रीचं जॅकेट

यादीत एकोणीस वस्तू होत्या आणि त्यांतल्या अठरांची सोय आठवड्याभरात झाली. लोकरीचे मोजे मावशीने विणून दिले, टॉर्च शेजाऱ्यांकडून मागून आणली, बूट आणि दोर तिकडेच मिळणार होते. घोडं अडलं ते शेवटच्या ओळीवर. 'पाणी व वारा आत न शिरणारे जॅकेट. प्रत्येकीने स्वतःचे आणावे.'

ऐंशी साल लागायला अजून वर्ष-दीड वर्ष होतं. मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजात परेड करायचे, आणि हिमालयातल्या गिर्यारोहणाच्या शिबिरासाठी आमच्या कॉलेजातून एकटी माझीच निवड झाली होती. अठ्ठावीस दिवसांचं शिबिर, मे महिन्यात निघायचं. निवडीच्या पत्रासोबत ती यादी आणि पालकांच्या संमतीचा फॉर्म होता. तो एप्रिल संपायच्या आत टपालात पडला नाही तर माझी जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती. आणि सही करायची की नाही, हे माझ्या वडिलांनी यादीतल्या त्या शेवटच्या ओळीवर सोडून दिलं होतं.

"पाणी आत आलं नाही पाह्यजे," ते म्हणाले. "असं जॅकेट दाखव अन् सही घेऊन जा."

दुसऱ्या कोणाचे वडील असते तर मी एखादा रेनकोट आणून, लाडीगोडी लावून वेळ मारून नेली असती. पण माझे वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर ताडपत्र्या शिवायचे. वॅगनवर, ट्रकवर, उघड्यावर रचलेल्या धान्याच्या थप्प्यांवर टाकायच्या त्या ताडपत्र्या. फाटलेल्या जोडायच्या, दाभणाने कडा शिवायच्या आणि मेण, राळ, जवसाचं तेल एकत्र उकळून त्याचा हात वरून मारायचा. त्यांच्या ताडपत्रीखालचं पोतं कधी भिजलं नाही, हे धक्क्यावरचे हमाल सांगायचे आणि ते स्वतःही सांगायचे, जरा जास्तच सांगायचे. पाणी कुठून शिरतं हे त्यांना नुसत्या नजरेने कळायचं. त्यांना फसवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं.

दुसरं एक कारण होतं, ते घरात कोणी काढत नसे. माझे काका, वडिलांचे धाकटे भाऊ, त्याच धक्क्यावर हमाली करायचे. मी तीन वर्षांची असताना एका पावसाळ्यात ते दिवसभर भिजत वॅगन खाली करत राहिले. दुपारीच त्यांना हुडहुडी भरली होती. वडील म्हणाले, एवढी वॅगन होऊ दे, मग जा घरी. सहाव्या दिवशी काका न्यूमोनियाने गेले. हे मला आईने सांगितलं, तेही एकदाच, आणि वर ताकीद दिली, "त्यायच्यासमोर बोलू नको वं."

तर जॅकेट. नागपुरात ते कुठे मिळणार? आमच्याकडे थंडी पाहुण्यासारखी येते, पंधरा दिवस राहते, तेवढ्यापुरते स्वेटर पेटीतून निघतात. सदरच्या दुकानांत जाड रबरी रेनकोट होते, तेही पावसाळा लागल्यावर या म्हणाले. गांधीबागेतला एक कापडवाला तर मला वरपासून खालपर्यंत बघत राहिला. बाहेर उन्हाचा फुफाटा उडत होता आणि ही पोरगी बर्फाचं कापड मागते आहे! शेवटी परेडच्या सरांनी सांगितलं की कामठीला लष्करातून मोडीत निघालेला माल मिळतो. रविवारी वडील आणि मी बसने कामठीला गेलो.

दुकान म्हणजे एक लांबट खोली आणि छतापर्यंत कपड्यांचा ढीग. दाढीवाले म्हातारे दुकानदार स्टुलावर चढून खालीवर करत होते. त्यांनी एक हिरवट नायलॉनचं जॅकेट काढून माझ्या अंगावर टाकलं. हातभर मोठं होतं, पण हलकं, टोपी जोडलेली, गळ्याशी दोरी. मी आरशात पाहिलं आणि मनाने बर्फावर पोचलेसुद्धा.

"फौजी माल है बेटी, बर्फ में पहना हुआ," दुकानदार म्हणाले.

"पानी मिलेगा क्या, लोटाभर?" वडिलांनी विचारलं.

त्यांना तहान लागली असेल असं वाटून दुकानदारांनी माठातलं गार पाणी दिलं. वडिलांनी जॅकेट माझ्या अंगावरून काढलं, उलटं केलं, खांद्याचा खोलगट भाग ओंजळीसारखा धरला आणि लोटा त्यात रिकामा केला. आम्ही तिघंही बघत राहिलो. मी मनातल्या मनात पन्नासपर्यंत मोजणार होते. वीस झाले नाहीत तोच शिवणीतून एक थेंब फरशीवर पडला. मग दुसरा.

"अरे भाईसाब, इसको पहनना है कि इसमें पानी भरना है?"

वडिलांनी दुसरं मागितलं. ते खिशापाशी गळलं. तिसरं चेनपाशी. "चाळण्या आहेत ह्या," ते मला म्हणाले, पण दुकानदारांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निघताना दुकानदार मागून म्हणाले, "ठंड में आदमी हिलता-डुलता है भाईसाब, कपड़ा भी हिलना चाहिए." वडील वळलेसुद्धा नाहीत. आणि खरं सांगायचं तर मीही त्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. मला नुसता राग आला होता. फॉर्म पाठवायला बारा दिवस उरले होते.

बसमध्ये मी खिडकीबाहेर तोंड करून बसले. अर्ध्या वाटेवर वडील म्हणाले, "मी शिवतो."

"काय शिवता?"

"जॅकेट."

"ताडपत्रीचं? मी पोतं घालून जाऊ काय पहाडावर?"

"पोतं भिजते," ते शांतपणे म्हणाले. "हे नाही भिजणार."

ते धक्क्यावरून आले की अंगणात बसत. पातळ पोताचं कॅनव्हास घेतलं, गांधीबागेतून अस्तराला फ्लॅनेलचं कापड आणलं. पुढून उघडं नाहीच, डोक्यातून घालायचं. माझी मापं त्यांनी सुतळीने घेतली आणि सुतळीला गाठी मारून ठेवल्या. शिवण दुहेरी, वरून पट्टी, पट्टीवर मेण-राळेचा हात, तो वाळला की दुसरा हात. चुलीवरच्या त्या डब्याचा वास आमच्या जेवणाला लागायचा. मी रोज कुरकुर करायचे. जड आहे, काळं आहे, मुली हसतील. ते ऐकून घेत आणि दाभण चालवत राहत. त्यांच्या हाताला इतकं जपून काम करताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यामुळे माझी चिडचिड आणखी वाढायची.

दहाव्या दिवशी परीक्षा ठरली. भर दुपार, ऊन असं की अंगणात अनवाणी पाऊल टाकवत नव्हतं. वडिलांनी जॅकेटच्या बाह्या आणि गळा सुतळीने करकचून बांधला, ते कडुनिंबाच्या फांदीला उलटं टांगलं, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि आत दोन बादल्या पाणी ओतलं.

"नळाले पाऊण घंटा पाणी येते दिवसाचं," आई ओरडली, "अन् तुम्ही ते कपड्यात भरून राहिले!"

"वाया नाही जात वं. तेच पाणी संध्याकाळी धुण्याले घे."

गल्ली जमली. जॅकेट मोठ्या काळ्या दुधीसारखं फांदीला लटकत होतं. एक तास गेला. दोन गेले. वडील खाटेवर बसून फक्त कागदाकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. एखादा थेंब पडला असता तर शिबिर संपलं होतं. फॉर्म माझ्या वहीत घडी घालून ठेवलेला होता आणि ती वही मी छातीशी धरून उभी होते. तीन तासांनी त्यांनी कागद उचलला, उन्हाकडे धरला, उलटासुलटा केला. कागद कोरडा होता. मग पाणी काढून त्यांनी बाही हातात घेतली, ती दुमडली, पिळली. ती लोण्यासारखी वळत होती. "पाहा कशी वळते," ते शेजाऱ्यांना म्हणाले, आणि सगळ्यांनी हात लावून कौतुक केलं. मीसुद्धा केलं.

त्यांनी तिथेच खाटेवर बसून फॉर्मवर सही केली.

वर पोचल्यावर दुसऱ्याच सकाळी कळलं की जॅकेट तंबूबाहेर आपलं आपण उभं राहतं. घडी होत नव्हती, बसत नव्हतं. मुली म्हणायच्या, तुझी बहीण बाहेर उभी आहे, तिला आत घे. मी हसायचे. दिवस उघाडीचे होते, चालून अंग तापायचं, आणि जॅकेटही उन्हात जरा नरम पडायचं. बाहीत हात नीट वाकत नाही हे मी कोणाला सांगितलं नाही.

सतरावा दिवस. हिमनदीवरचा सराव आटोपून आम्ही दुपारी परत येत होतो. आभाळ एकाएकी उतरलं आणि पाऊस आणि बर्फ एकत्र पडू लागले. पुढच्या दोरावरच्या मुलीचा पाय मुरगळला. उतार निसरडा, पुढची वाट एकच, त्यामुळे आम्ही सगळ्या जिथल्या तिथे थांबलो. हातातली गिर्यारोहणाची कुऱ्हाड बर्फात रोवून धरायला मी कोपर वाकवलं आणि टक्‌ असा आवाज आला, सुपारी फुटावी तसा. मला वाटलं बर्फ असेल. मग खांद्यावर तसाच आवाज झाला. आणि मग पाण्याची एक गार ओळ पाठीवरून खाली गेली.

मी हललं नाही पाहिजे, असं मी ठरवलं. हलले की नवी भेग पडायची. म्हणून मी पुतळ्यासारखी उभी राहिले, आणि थंडीत करू नये ते हेच. फ्लॅनेलच्या अस्तराने पाणी पिऊन घेतलं आणि ते अंगाला चिकटून बसलं. आधी दात वाजत होते. दोन-तीन तासांनी ते थांबले आणि मला बरं वाटू लागलं, अगदी मजेत वाटू लागलं. शिबिरातल्या आमच्या शिक्षिका दोराला धरून माझ्यापाशी आल्या, माझं नाव विचारलं. मला ते सांगता आलं नाही. त्यांनी माझ्या दोन थोबाडीत मारल्या, दुसऱ्या मुलीच्या मदतीने ते जॅकेट डोक्यावरून ओढून काढलं आणि स्वतःचं नायलॉनचं मला चढवलं. आम्ही खाली तळावर पोचलो तेव्हा भिजायला लागून चार तास झाले होते.

डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट, दोन्ही पांढरी पडली होती. डॉक्टर म्हणाले, संवेदना येईल हळूहळू, नाहीही येणार. उरलेले दिवस मी भांडारातलं एक जुनं नायलॉनचं जॅकेट घालून काढले. त्याच्याही शिवणीतून पाणी यायचं. पण ते यायचं, अंग हललं की सुकायचं, आणि जॅकेट माझ्याबरोबर वाकायचं. कामठीचे ते म्हातारे दुकानदार मला त्या दहा दिवसांत फार आठवले.

नागपूर स्टेशनवर वडील धक्क्यावरच्या दोन हमालांना घेऊन आले होते. मी उतरते न उतरते तोच त्यांनी विचारलं, "आलं काय वं पाणी?"

त्यांचा चेहरा माझ्यासमोर होता. मला काका आठवले. डावा हात मी खिशात घातला आणि म्हणाले, "थेंबही नाही."

"पाह्यलं काय गा?" ते हमालांकडे वळून म्हणाले. त्यांनी माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि घरापर्यंत त्याच एका विषयावर बोलत राहिले. जूनच्या उन्हात जॅकेट पुन्हा मऊ झालं होतं, मेण पाझरून भेगा आपोआप बुजल्या होत्या. खोटं इतकं सोपं असतं याचंच मला नवल वाटलं.

जुलैत आमच्याच वस्तीतल्या, विहारामागच्या गल्लीतल्या एका मुलीची सप्टेंबरच्या शिबिरासाठी निवड झाली. माझ्याहून वर्षाने लहान, परेडमध्ये माझ्या मागे उभी राहायची. तिला वडील नव्हते. आई एका वसतिगृहात स्वयंपाक करायची. ती मुलीला घेऊन आमच्याकडे आली.

"भाऊ, तुम्ही हिले शिवून देल्लं तसंच माह्या पोरीले द्या," ती वडिलांना म्हणाली. "मंग मी सही करतो. नाही तं नाही पाठवत. एकच लेकरू आहे मले."

वडिलांनी त्याच दिवशी सुतळीने मापं घेतली. मुलगी आनंदाने उड्या मारत होती. मी चहा करायला म्हणून आत गेले आणि चुलीपुढे तशीच बसून राहिले.

मी आडून आडून प्रयत्न केला. म्हटलं, तिला नायलॉनचं घेऊ द्या, हलकं पडेल. "काहून? तुह्यं तं कोरडं राह्यलं," वडील म्हणाले. म्हटलं, तिची अंगकाठी बारीक आहे. "मंग कापड कमी लागन." कॅनव्हास कापलं गेलं. बाह्या जोडल्या गेल्या. रोज धक्क्यावरून आल्यावर ते थोडं थोडं पुढे सरकायचं आणि मी रोज ठरवायचे, आज बोलते. मग ते हसत हसत काहीतरी सांगायचे आणि मी गप्प बसायचे. मला माझा इतका राग यायचा की आईवर विनाकारण खेकसायचे. ती मुलगी त्या उतारावर उभी आहे आणि तिला स्वतःचं नाव सांगता येत नाही, हे मला भर दिवसा, कॉलेजच्या वर्गात बसल्या बसल्या दिसायचं.

ज्या दिवशी त्यांनी मेण-राळेचा डबा चुलीवर ठेवला, त्या दिवशी तो वास आला आणि मी दारातूनच बोलून टाकलं.

"बाबा, पाणी आलं होतं."

त्यांचा हात थांबला नाही. शिवणीवर कुंचा फिरवत ते म्हणाले, "कुठून?"

"खांद्यातून. कोपरातून. फुटलं."

"ताडपत्री फाटते. फुटत नाही."

"थंडीत फुटली."

त्यांनी कुंचा डब्यात बुडवून पुन्हा शिवणीवर फिरवला. मग वर न बघता त्यांनी विचारलं, "किती वेळ ओली होती तू?"

"थोडाच वेळ."

"किती?"

"चार तास."

त्यांनी कुंचा डब्यावर आडवा ठेवला. खुंटीवरचं माझं जॅकेट घेतलं, सायकल काढली आणि म्हणाले, "बस मागे."

आम्ही बर्फाच्या कारखान्यात गेलो. तिथला माणूस त्यांच्या ओळखीचा होता, लाद्यांवर टाकायची पोती त्यांच्याकडून शिवून घ्यायचा. वडिलांनी दोन लाद्या मागितल्या. भुसा झाडून एका लादीवर जॅकेटची बाही पसरली, कुल्फीवाले टाकतात तसं जाडं मीठ टाकलं आणि दुसरी लादी वर ठेवली. खालची बाजू मी धरली, वरची त्यांनी. अर्धा तास आम्ही तसेच धरून उभे होतो. बाहेर दमट उकाडा होता आणि कारखान्यात पाणी सगळीकडे टपटपत होतं. मग त्यांनी बाही बाहेर काढली आणि कोपरापाशी वाकवली.

टक्‌.

मेण-राळेच्या थराला भेग पडून खालचं कोरं कॅनव्हास दिसत होतं. त्यांनी दुसरीकडे वाकवली. तिथेही फुटली. ते भेगेवरून अंगठा फिरवत राहिले. "तुले थंडीत पाठवलं," ते म्हणाले, "अन् परीक्षा उन्हात घेतली."

तेवढ्यात कारखान्यातला माणूस माझ्यावर ओरडला, "हात काढ वं पोरी, मीठ आहे त्याच्यावर, जळन हात!" मी खाली पाहिलं. माझा डावा हात अजून लादीच्या कडेवर होता आणि ती दोन बोटं मिठाच्या बर्फात रुतलेली होती. मला कळलंच नव्हतं. वडिलांनी माझं मनगट धरून हात वर घेतला, सदऱ्याने पुसला. करंगळीच्या टोकावर नख दाबलं. "हे?"

मी नकारार्थी मान हलवली.

"हे?"

"नाही कळत."

ते माझा हात धरून तसेच भुशात खाली बसले. मला त्यांनी मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं. "अन् मी लोकाइले सांगत फिरून राहिलो," एवढंच ते म्हणाले, पुन्हा पुन्हा तेच म्हणाले.

त्याच संध्याकाळी आम्ही विहारामागच्या गल्लीत गेलो. मुलगी दारात आली, वडिलांच्या हातात अर्धवट जॅकेट असेल म्हणून बघू लागली. वडील आत बसले नाहीत. उभ्यानेच तिच्या आईला म्हणाले, "बाई, मी नाही शिवून देऊ शकत. माह्या जॅकेटात माही पोरगी भिजली. मी तिले कोरडी समजत होतो." एका बाईसमोर, दारात उभं राहून, स्वतःचं चुकलं असं कबूल करताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकत होते. काकांच्या वेळी ते कोणालाच काही म्हणाले नव्हते, असं आईने सांगितलं होतं.

मुलगी रडवेली झाली. तिची आई गोंधळून एकदा वडिलांकडे, एकदा मुलीकडे बघू लागली. फॉर्म तिच्या हातातच होता. "मंग कोणतं घेऊ, भाऊ?"

"मले नको विचारू," वडील म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. "ती जाऊन आली."

मायलेकींची नजर माझ्यावर होती. स्टेशनवर मी किती पटकन उत्तर दिलं होतं! पाणी येणार नाही असं म्हटलं तर सही लगेच झाली असती. येतं म्हटलं तर ती पोरगी घरी बसली असती, आणि जन्मभर मला बोल लावला असता. वडील माझ्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते.

"कामठीला नायलॉनचं मिळते, ते घ्या," मी म्हणाले. "पाणी येईल त्यात. शिवणीतून येईल. भिजल्यावर हिनं थांबायचं नाही, हलत राहायचं, आणि हुडहुडी भरली की लाज न बाळगता ओरडून सांगायचं. पण पाणी येईलच."

मुलीची आई फॉर्म धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने मुलीला आतून पेन आणायला सांगितलं.